तीरकामठ्याची लढाई

ज्वारी निसवून दाणा दुधात आला की खानदेशातल्या शेतात चार मेढींचा माळा उभा राहतो आणि गोफण घेऊन कुणीतरी त्याच्यावर चढतं. गोफण ही साधी वस्तू आहे. दोन दोऱ्या आणि मधे विणलेली खोबण, एवढंच. एका दोरीचा फास बोटात अडकवलेला असतो, दुसरीचं टोक अंगठा आणि तर्जनीत नुसतं धरलेलं असतं. खोबणीत लिंबाएवढा धोंडा ठेवायचा, डोक्यावरून दोन-तीन फेरे द्यायचे आणि धरलेलं टोक सोडायचं. सगळी विद्या त्या सोडण्यात आहे. क्षणभर आधी सुटलं तर धोंडा भलतीकडे जातो, क्षणभर उशीर झाला तर पुढ्यातच आपटतो. नेमक्या वेळी सुटलं तर दोरीचा सणसणीत आवाज होतो आणि पार पलीकडच्या बांधावरचा पाखरांचा थवा उठतो.

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल नावाची एक टेकडी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिच्याभोवती मातीच्या तटांचे आणि खंदकांचे एकापलीकडे एक वेढे घातलेले होते. १९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथे उत्खनन केलं. हेच व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. तटाच्या दरवाजाजवळ त्यांना गोल गुळगुळीत गोट्यांचा साठा सापडला. वीस हजारांच्या वर गोटे होते, समुद्रकिनाऱ्यावरून वेचून आणलेले, सगळे जवळपास एका मापाचे. ते गोफणगुंडे होते. तटावर उभं राहून खालून चढणाऱ्या शत्रूवर फेकण्यासाठी केल्ट लोकांनी ते रचून ठेवले होते.

त्या गोट्यांबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो ज्वारीतला माळा, आणि त्यानंतर सातपुडा. केल्ट आणि आपले भिल्ल यांचं रक्ताचं नातं नाही, भाषेचंही नाही. मधे हजारो कोस आणि अठराशे वर्षं आहेत. पण दोघांपुढे प्रश्न एकच होता. समोर पगारी, कवायती, हुकमावर पाऊल टाकणारी फौज उभी आहे. आपल्याजवळ खजिना नाही, तोफा नाहीत, आहे ती आपली जमीन. तर लढायचं कसं? दोघांनी काढलेली उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की भिल्लांबद्दल आपल्याकडे जे लिहून ठेवलंय त्यातला खोटेपणा लख्ख दिसतो.

आधी केल्टांबद्दल. हे एक राष्ट्र नव्हतं. आजचा फ्रान्स, दक्षिण जर्मनी, स्वित्झर्लंड, उत्तर इटली, स्पेनचा काही भाग, ब्रिटन आणि आयर्लंड एवढ्या मोठ्या पट्ट्यात पसरलेल्या, एकमेकींशी जुळणाऱ्या भाषा बोलणाऱ्या अनेक टोळ्या होत्या. ग्रीकांनी त्यांना केल्टोई म्हटलं, रोमनांनी गॅली. त्या सगळ्यांनी मिळून स्वतःला एक नाव असं दिलेलं नव्हतं. भिल्ल हा शब्दही असाच सर्वांवर पांघरलेला. द्राविडी भाषांत धनुष्याला बिल्, विल् म्हणतात, त्यावरून तो आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हातातल्या हत्यारावरून ठेवलेलं नाव. सातपुड्यात गेलात तर माणूस आपण पावरा, बारेला, तडवी, वसावे असं सांगतो.

केल्टांच्या लढाईचं सर्वांत गाजलेलं वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने केलंय. इ.स.पू. २२५ मध्ये इटलीतल्या टेलामॉन इथे रोमन फौजांनी केल्टांना दोन बाजूंनी गाठलं. केल्टांच्या आघाडीला गेसाटी नावाचे भाडोत्री लढवय्ये होते. ते अंगावर वस्त्र न घेता, गळ्यात आणि दंडात सोन्याची कडी घालून उभे राहिले. शिंगं आणि कर्णे इतक्या जोराने वाजू लागले की आजूबाजूचे डोंगरच ओरडताहेत असं वाटावं. केल्टांच्या या कर्ण्याला कार्निक्स म्हणतात. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच काशाची नळी आणि तिच्या टोकाला रानडुकराचा वासलेला जबडा. होळीच्या रात्री सातपुड्यातल्या काठी गावच्या माळावर मोठ्या ढोलांचा आवाज ज्याने छातीत झेललाय, त्याला आवाज हेही हत्यार असतं हे समजावून सांगावं लागत नाही. भिल्लांची किलकारी तशीच होती. तोंडावर पंजा आपटत दिलेली ती आरोळी एका टेकडीवरून उठायची, दुसरीवरून तिला उत्तर यायचं, आणि खोऱ्यातून चाललेल्या शिपायांना आपल्याभोवती नेमकी किती माणसं आहेत याचा अंदाजच येत नसे.

टेलामॉनला मात्र केल्ट हरले. त्यांच्या लहान ढालींनी उघडं अंग झाकलं नाही आणि रोमनांच्या फेकभाल्यांनी आघाडीच कापून काढली. सपाट जमिनीवर, समोरासमोर, शत्रूच्या पद्धतीने लढलं की शत्रूच जिंकतो हा धडा होता. तो पुढे एका केल्ट नायकाने फार नीट वापरला. त्याचं नाव ॲम्बिओरिक्स, एब्युरोन टोळीचा राजा. इ.स.पू. ५४ च्या हिवाळ्यात त्याने ज्युलियस सीझरच्या दीड पलटणीला छावणीबाहेर काढून एका दरीत अडवलं. दरीची दोन्ही तोंडं बंद केली. मग आपल्या लोकांना सांगितलं, जवळ जाऊ नका, लांबून मारा. ते धावून आले की मागे सरा, परत फिरले की पाठीवर पडा. रोमन सैनिकांच्या पंधरा तुकड्या तिथे जवळपास संपल्या. ही हकीकत खुद्द सीझरने लिहिली आहे.

ॲम्बिओरिक्सचा तो हुकूम वाचताना मला सातपुड्यातली एखादी खिंडच डोळ्यांपुढे येते. खानदेशचा नकाशा आठवून पाहा. मधून तापी वाहते, तिच्या दोन्ही अंगांना काळीभोर सपाट जमीन. उत्तरेला सातपुड्याची भिंत, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेला सह्याद्री. पीक, पैसा, बाजारपेठा मधल्या सपाटीवर; आणि या सपाटीत येण्या-जाण्याची प्रत्येक वाट कुठल्या ना कुठल्या घाटातून. घाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात खानदेशचं नाक. भिल्ल नाईक पिढ्यान्‌पिढ्या या घाटांची राखण करत. गावांत भिल्ल जागल्या असे, घाटात नाईकाची चौकी असे आणि त्याबद्दल त्यांचा हक्क ठरलेला असे. तो हक्क बुडाला की राखणदारच वाट अडवत. सरकारी कागद त्याला लूट म्हणतात. बुडालेल्या हक्काची वसुली हीसुद्धा त्यात होती, हे त्या कागदांत फार क्वचित दिसतं.

आता त्यांचं हत्यार. तीरकामठा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथातला देखावा येतो. पण ही वस्तू हातात घेऊन पाहावी. कामठा वेळूचा. त्याची दोरीसुद्धा वेळूचीच, वेळूच्या पाठीवरच्या चिवट सालीची लांब पट्टी काढून दोन्ही टोकांना बांधलेली. सुताची किंवा तातीची दोरी पावसात भिजली की सैल पडते. वेळूची पट्टी भिजल्याने बिघडत नाही, आणि तुटली तर दुसरी रानातच मिळते. बाण बोरूसारख्या हलक्या काडीचा, शेपटाला पिसं, टोकाला गावच्या लोहाराने ठोकलेलं लोखंडी पातं. पाखरांसाठी बोथट टोकाचा बाण वेगळा. माशांसाठी तर असा की पातं लागलं की काडीपासून सुटतं, पण दोरीने काडीला बांधलेलं राहतं; काडी पाण्यावर तरंगते आणि मासा कुठे गेला ते दाखवते. रोजच्या पोटापाण्याची हीच हत्यारं लढाईची हत्यारं होती. त्यामुळे कवायत वेगळी करावी लागत नव्हती. मुलगा चालायला लागला की त्याच्या हातात लहान कामठा यायचा. अनेक भिल्ल तीर ओढताना अंगठा लावत नाहीत, तर्जनी आणि मधल्या बोटात धरतात. एकलव्याचा अंगठा गेला, म्हणून आम्ही तो वापरत नाही, असं ते सांगतात.

अशा कामठ्याने बंदुकीपुढे टिकायचं कसं? तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची बंदूक आपल्याला वाटते तशी नव्हती. तोड्याच्या बंदुकीचा तोडा सतत पेटता ठेवावा लागे. रात्री त्याचा निखारा दिसे, पावसात तो विझे. कंपनीच्या फौजेकडची चकमकीची बंदूक सुधारलेली होती, पण चांगला घोटलेला शिपाईसुद्धा मिनिटाला दोन-तीन बार काढू शके आणि शंभर यार्डांपलीकडच्या एकट्या माणसावर नेम बसेल याची खात्री नसे. ती बंदूक शेकडो माणसांनी रांगेत उभं राहून एकदम झाडायची होती. झाडीत रांग कुठली? तीर आवाज करत नाही, धूर काढत नाही. सोडणारा कुठे आहे ते त्यातून कळत नाही, आणि तेवढ्या वेळात तो दुसरा लावतो. नाईकांजवळ तोड्याच्या बंदुका आणि तलवारीही असत. पण सातपुड्यात कामठा टिकून राहिला तो या कारणांमुळे. मागासलेपणाने नव्हे.

शिवाय झाडीत आणखी एक सोबती होता, हिवताप. सपाटीवरची पलटण पावसाळ्यानंतर सातपुड्यात शिरली की लढाईआधीच आजारी पडे. भिल्ल मात्र पाच-दहाच्या टोळीने फिरत, जवळ फारसं काही नाही, आज इथे तर उद्या दोन डोंगर पलीकडे. गनिमी कावा म्हटलं की आपल्याला मलिक अंबर आणि शिवाजी महाराज आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण मराठ्यांच्या काव्यामागे घोडा होता, किल्ला होता, राज्य होतं. भिल्लांचा कावा पायी होता आणि त्याच्यामागे फक्त डोंगर होता.

एक गोष्ट इथे थांबून सांगितलीच पाहिजे. हे सगळं आपल्याला कळतं ते कुणाकडून? केल्टांचे ड्रुइड, म्हणजे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवत नसत, तोंडपाठ करत. म्हणून केल्टांचा इतिहास पॉलिबियस, सीझर, लिव्ही यांनी लिहिला. त्यांनी केल्टांना तापट, बढाईखोर, दमछाक होणारे असं रंगवलं. पॉलिबियस तर लिहितो की त्यांच्या तलवारी पहिल्या घावातच वाकत, मग त्या पायाने दाबून सरळ कराव्या लागत. प्रत्यक्षात थडग्यांतून निघालेल्या केल्ट तलवारी तपासल्या तेव्हा त्यांतल्या कित्येक उत्तम घडणीच्या निघाल्या. कड्यांचं चिलखत तर रोमनांनी केल्टांकडूनच उचललं. भिल्लांबद्दलचं लेखनही असंच, त्यांच्याविरुद्ध मोहिमा काढणाऱ्यांनी केलेलं. माल्कम, ब्रिग्ज, ग्रॅहम या कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कागदांतून आलेला भिल्ल आपण शंभर-दीडशे वर्षं शाळेत आणि गप्पांत तसाच वापरतोय. त्याची स्वतःची बाजू गाण्यांत आणि गोष्टींत आहे, आणि ती ऐकायला पाड्यावर जावं लागतं.

पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत खानदेशचे हाल कुत्रा खाईना. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख तुडवला, १८०३ मध्ये दुष्काळ पडला. गावं ओस पडली, राखणदारांचे हक्क बुडाले. त्यातच पेशव्यांच्या सरसुभेदाराने कोपरगावी भिल्लांना बोलावून घेऊन दगाफटक्याने त्यांची कत्तल केली. अशा जखमा घेऊन भिल्ल डोंगरात गेले होते. १८१८ मध्ये इंग्रज आले ते या परिस्थितीत. त्या वर्षी फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावर दरवाजात चकमक होऊन इंग्रज अधिकारी मारले गेले आणि सर टॉमस हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिली. पुढे जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं. त्याने घाट अडवले, नाईकांना पेन्शनीची लालूच दाखवली, न ऐकणाऱ्यांवर पलटणी पाठवल्या. चील नाईकाला फासावर चढवलं. तरी सात वर्षं डोंगर शांत होईना. एक नाईक पडला की दुसरा उभा राही, कारण मूळ दुखणं तसंच होतं.

मग १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण बदललं. भिल्लांसाठी तीन एजन्स्या काढल्या. जमीन कसायला तगाई, बैल, बियाणं देण्याचं काम सुरू झालं. आणि भिल्लांचीच एक फौज उभी करायचं ठरलं, खानदेश भिल्ल कोअर. हे काम आलं जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे. त्याने धरणगावला मुख्यालय केलं. आउट्रम हा कसलेला शिकारी होता. त्याच्या खानदेशातल्या दहा वर्षांत त्याच्या मोहिमांत दीडशेच्या वर वाघ पडले. तो पहारा न घेता नाईकांबरोबर रानात राहिला, त्यांच्यासोबत शिकार केली, दारू प्यायला. सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भिल्ल त्याच्याकडे आले. आपल्याला एका जागी गोळा करून मारणार, ही भीती त्यांना होती, आणि कोपरगाव आठवलं तर ती अगदी रास्त होती. हळूहळू संख्या शेकड्यांत गेली. ही नवी फौज मालेगावच्या छावणीत गेली तेव्हा नेहमीच्या पलटणीतल्या उच्चवर्णीय शिपायांनी त्यांना जवळ बसवून पानसुपारी दिली. शतकानुशतकं ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी ती पानसुपारी पगारापेक्षा मोठी होती असं मला वाटतं. आपल्या समाजाने जे दिलं नाही ते छावणीत मिळालं, हे मान्य करताना मनाला लागतं. आणि मग हीच फौज १८३० मध्ये डांगच्या भिल्लांवर चालून गेली.

रोमनांनीही हेच केलं होतं. गॉल जिंकता जिंकता सीझरने गॉल लोकांचीच एक पलटण उभी केली. तिला पाचवी अलॉडे म्हणत. अलॉडा म्हणजे चंडोल, आणि हा शब्दही गॉल भाषेतलाच. केल्ट घोडेस्वार नंतर रोमच्या घोडदळाचा कणा झाले. डोंगर तोफेने जिंकता येत नाही, तो डोंगरातल्या माणसाला पगारावर घेऊन जिंकता येतो, हे दोन्ही साम्राज्यांना कळलं होतं.

१८५७ मध्ये हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आलं. खाज्या नाईक. सेंधव्याच्या घाटातून आग्रा-मुंबई रस्ता जातो, त्याची राखण त्याच्याकडे होती. म्हणजे तो सरकारचाच माणूस. पकडलेल्या एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, काही वर्षं तुरुंगात काढून तो सुटला. उठाव पेटल्यावर त्याला पुन्हा कामावर घेतलं, पण थोड्याच दिवसांत तो भीमा नाईकासह बंडात उतरला. नोव्हेंबरात त्यांनी घाटात सात लाखांचा खजिना लुटला. शिरपूरची पेठ लुटली. ज्या वाटा राखल्या त्याच वाटा त्याने अडवल्या. कुठल्या वळणावर गाडी हळू होते, पाणी कुठे आहे, पळायचं कुठून, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला इंग्रज फौजेने त्यांना गाठलं. बंडवाल्यांत भिल्लांबरोबर मकराणी शिपाईही होते. खडकांच्या आडोशाने त्यांनी कित्येक तास लढा दिला, इंग्रजांचे अधिकारी जखमी केले. पण ही लढाई एका जागी थांबून झाली, आणि थांबणं हेच भिल्लांच्या लढाईत वर्ज्य होतं. बायका-मुलं बरोबर होती, दाणागोटा बरोबर होता. ते सोडून पळायचं कसं? हाती लागलेल्या कितीतरी जणांना तिथेच गोळ्या घातल्या, बायका-मुलांना धरून नेलं. आणि चालून आलेल्या फौजेत खानदेश भिल्ल कोअर होती. खडकाच्या दोन्ही बाजूंना भिल्लच होते.

खाज्या तिथून निसटला आणि आणखी दोन वर्षं हाती आला नाही. १८६० मध्ये त्याच्याजवळ विश्वासाने राहिलेल्या एका मकराणी जमादाराने त्याला पाठीमागून गोळी घातली. इ.स.पू. १३९ मध्ये आजच्या पोर्तुगाल-स्पेनच्या डोंगरांत रोमनांना वर्षानुवर्षं हुलकावणी देणारा व्हिरिआथस असाच गेला. बोलणी करायला पाठवलेले त्याचेच तीन साथीदार रोमनांनी पैशांनी फोडले आणि त्यांनी त्याला झोपेत मारलं. भीमा नाईक १८६७ मध्ये सापडला. त्याला अंदमानात काळ्या पाण्यावर धाडलं, तो तिथेच वारला.

चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला आउट्रमच्या नावावरून आजही औट्रम घाट म्हणतात. एसटीतला म्हाताराही तेच नाव घेतो. शिरपूरकडून पळासनेर सोडलं की दुसरा घाट लागतो. ट्रकवाले बिजासन मातेच्या देवळापाशी थांबतात, नारळ फोडतात, इंजिन गार होऊ देतात. रस्ता रुंद झालाय, तरी ओझ्याच्या गाड्या तिथे अजून हळू होतात. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारांचे दिवस आले की आजूबाजूच्या पाड्यांवरची पोरं याच रस्त्याच्या कडेने ढोल वाजवत उतरतात, आणि एखाद्याच्या खांद्याला अजून वेळूचा कामठा असतो. याच वळणांवर खाज्या नाईकाची चौकी होती.